खुंटीवरचा पट्टा

(दृश्य : दाराशेजारची खुंटी. तिच्यावर जुना चामडी पट्टा आणि लीश, म्हणजे फिरायला नेताना पट्ट्याला अडकवायची दोरी. घरात हालचाल नाही.)

कुत्रं गेलं तरी घराची त्याची सवय जात नाही. दार पूर्ण उघडं टाकून आत येणं, जेवताना हात आपोआप खाली जाणं, रात्री अंधारात पाऊल जपून टाकणं. या सवयी अंगात मुरलेल्या असतात. मग शेल्टरमधून नाहीतर रस्त्यावरून वाचवलेलं दुसरं कुत्रं घरी येतं आणि सगळे त्याच्याशी पहिल्यासारखंच वागायला लागतात. ज्यांनी कधी कुत्रं पाळलेलंच नाही ते निदान बिचकून वागतात. बारा-पंधरा वर्षं कुत्रं सांभाळलेल्या घरातल्या चुका आत्मविश्वासाने होतात.

दुसरं कुत्रं कधी आणावं, याला महिन्यांच्या हिशोबात उत्तर नाही. तीच जात, तोच रंग हवा असं वाटत असेल, नावसुद्धा तेच ठेवावंसं वाटत असेल, तर अजून थांबलेलं बरं. आणि जीव अडकवायची भीती वाटते, पण रिकामं घरही सोसवत नाही, अशा वेळी फॉस्टर, म्हणजे कुत्र्याला तात्पुरतं घर देणं, हा प्रामाणिक मार्ग आहे. शस्त्रक्रियेचे टाके सुकेपर्यंत, पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत किंवा कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्याकडे राहतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपल्यावर ते उतरलं, आणि परत गेल्यावर पुन्हा होतं तिथे आलं. म्हणजे एका रात्रीचीही मदत होते, पण ती साठवून ठेवता येत नाही.

फॉस्टरला हो म्हणण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात. औषधपाण्याचा खर्च कुणाचा? रात्री दोन वाजता झटका आला तर फोन कुणाला करायचा? शस्त्रक्रियेला परवानगी कोण देणार? कुत्रं ठेवूनच घ्यावंसं वाटलं, तर पहिला हक्क आपला की आधीच नाव नोंदवलेल्या घराचा? शेवटच्या प्रश्नावरून सगळ्यात जास्त रडारड होते, म्हणून तो आधीच विचारावा.

(दृश्य : रिकामी चटई, शेजारी पाण्याचं भांडं.)

कुत्रं आणायच्या आधी पहिलं कशाने गेलं ते पाहायचं. म्हातारपण, मूत्रपिंड, कर्करोग असेल तर वस्तू गरम पाण्यात धुतल्या की झालं. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणूही नाजूक असतो, बाहेर फार टिकत नाही. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणाऱ्या रोगाची, गोष्ट मात्र निराळी. हा विषाणू फरशीच्या फटीत आणि मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही जिवंत राहतो. नुसत्या फिनेलने तो मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर ब्लीच ओतलं तर ते त्या घाणीतच खर्ची पडतं. मग 1 भाग घरगुती ब्लीच आणि 30 भाग पाणी असं मिश्रण करून जागा 10 मिनिटं ओली ठेवायची आणि नंतर धुऊन काढायची. कापडी अंथरूण, लाकडी खेळणी टाकून द्यायची. अंगणातल्या मातीवर याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा अशा घरात पिल्लू आणू नये, लसीकरण पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणावं.

कुत्रं येण्याआधी पाहायची दुसरी जागा म्हणजे औषधांचा डबा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीच्या गोळ्या त्यात उरलेल्या असतात. नवं कुत्रं लंगडलं की हात तिकडे जातो. पण डोस किलोवर ठरतो. शिवाय उपाशी, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. त्यात डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं तर पोटात अल्सर व्हायला वेळ लागत नाही. डबा कुत्रं येण्याआधीच रिकामा केलेला बरा.

(दृश्य : गाडीचं दार. आतून उतरायला तयार नसलेलं कुत्रं.)

कुत्री निसटतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, मागे सरकतं, मान खाली घालतं आणि पट्टा डोक्यावरून सुळकन निघून येतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील हवी. ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळला जाणारा मार्टिंगेल पट्टा असेल तर उत्तम. एक लीश पट्ट्याला, दुसरी छातीच्या हार्नेसला, आणि दोन्हींची टोकं एकाच माणसाच्या हातात. बाहेरचं दार उघडण्याआधी आतलं बंद. पहिलं कुत्रं उघड्या दारात बसून राहायचं, कारण आपलं घर आतल्या बाजूला आहे हे त्याला माहीत होतं. या नव्याला अजून घरच नाही. निसटलं तर ते परत येणार कुठे?

आता खाणं. बरगड्या दिसतात म्हणून भरभरून वाढणं, ही मायेने केलेली चूक जिवावर बेतू शकते. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की पेशी रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम ओढून घेतात. रक्तातली पातळी कोसळते, स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हिशोबाने चढत जायचं. किलोतल्या वजनाच्या तीस पट अधिक सत्तर, एवढ्या कॅलरी निव्वळ विश्रांतीत लागतात. कुत्रं 15 किलोचं असेल तर 520. पहिल्या दिवशी याच्या पाव, म्हणजे साधारण 130, त्याही चार-सहा वेळा विभागून. मग अर्ध्या, मग पाऊण, आणि कुठे जुलाब किंवा उलटी दिसली तर तिथेच थांबायचं. कुत्रं फक्त बारीक आहे, उपाशी नाही, तर एवढा हिशोब नको. आधी जे खात होतं तेच द्यायचं आणि आठवडाभरात हळूहळू बदलायचं.

घरात आणखी एक कुत्रं असेल तर किमान दोन आठवडे दोघं वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या भांड्यांवर. पार्व्होची लक्षणं साधारण आठवड्याभरात दिसतात, पण दोन आठवडेही लागू शकतात. त्या घरातल्या कुत्र्याचाही जोडीदार गेलेला असतो. ते कमी खातं, दाराशी जाऊन बसतं. त्याला सोबत हवी म्हणून लगेच दोघांची गाठ घालू नये. पहिली भेट घराबाहेर व्हावी. दोन माणसं, दोन लीश, मध्ये बऱ्यापैकी अंतर, आणि दोघांनी एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर उभं करायचं नाही.

(दृश्य : जवळून – खाण्याचं भांडं, त्यावर झुकलेलं तोंड. चौकटीत एक हात येतो.)

इथे नीट पाहा. हात जवळ आला तसं घास चावणं थांबलं. मान भांड्यावर आणखी झुकली, डोकं न हलवता डोळा हाताकडे वळला, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. ओठ अजून उचललेला नाही. जुन्या कुत्र्याच्या भांड्यात हात घालता यायचा, हे त्या कुत्र्याबद्दल खरं होतं. यानंतर गुरगुर येते, आणि लोक गुरगुरण्यावर ओरडतात. ओरडून गुरगुर बंद होते, भीती आत राहते, आणि पुढच्या वेळी दात थेट लागतात. हात मागे घ्यायचा. दोन पावलं लांबून भांड्यात काहीतरी चविष्ट टाकायचं आणि निघून जायचं. दिवसातून एक-दोनदा, आठवडेच्या आठवडे. माणूस जवळ आला की भांड्यात भर पडते, हे त्याला स्वतः कळू द्यायचं.

या क्षेत्रात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. बिचकणं, रुळणं, घरचं होणं. ठोकताळाच आहे तो, वेळापत्रक नव्हे. पण मधला टप्पा फसवा असतो. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात गप्प पडलेल्या कुत्र्याला सगळे गुणी म्हणतात. ते गुणी नसतं, गोठलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात धीर येतो, तसं ते भुंकतं, चपला फाडतं, एकटं ठेवलं की रडतं. ‘आमचं आधीचं असं नव्हतं’ हे वाक्य तेव्हाच ऐकू येतं, आणि कुत्रं परत द्यायचा विचारही तेव्हाच सुरू होतो. खरं तर कुत्रं दिसायला लागलेलं असतं ते आत्ता.

कायमचं ठेवायचं ठरलं तर मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक स्कॅन करून घ्यायचा आणि नोंद आपल्या नावावर करायची. जुन्याच मालकाच्या किंवा संस्थेच्या नावावर राहिलेली चिप हरवलेल्या कुत्र्याला आपल्या दारापर्यंत आणत नाही.

(दृश्य : दारात नव्या घराची माणसं. खुंटीवर जुना पट्टा तसाच.)

फॉस्टरचं कुत्रं निघताना त्याच्याबरोबर एक वही द्यायची. काय खातं, किती, कुठल्या वेळी. कशाला दचकतं. शू लागली की दाराशी जातं की नुसतं गोल फिरतं. कुठली गोळी चालू आहे आणि किती दिवस राहिली. चार-पाच दिवस पुरेल एवढं सवयीचं खाणं सोबत. आणि ज्या चादरीवर ते झोपत होतं, ती. धुवायची नाही. केस, वास, सगळ्यासकट घडी घालून द्यायची, आणि नव्या घरात पहिल्या रात्री तीच अंथरायला सांगायची.