उंदराकडून आला की माणसाकडून?

श्रोतेहो, नमस्कार.

सुगी आटोपली, भाताची पोती घरात आली की शिवारातले उंदीरही मागोमाग येतात. पोतं सरकवलं की खाली काळ्या लेंड्या. आपण खराटा घेतो आणि धुरळा उडवत झाडून काढतो. हंटा विषाणू असलेल्या उंदराची विष्ठा आणि मूत वाळलं, की नेमका तोच धुरळा श्वासातून माणसाच्या अंगात आजार नेतो. पुरानंतर आपल्याकडं धास्ती असते ती लेप्टोची. तोही उंदरांमुळं होतो, पण तो जिवाणू. त्याला प्रतिजैविकं लागू पडतात. आज बोलायचंय ते विषाणूंबद्दल.

१९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं ताप येऊन, श्वास कोंडून दगावू लागली. शास्त्रज्ञांनी रुग्णांमधल्या विषाणूची जनुकं वाचली. मग रुग्णांच्या घरांभोवती सापळे लावले आणि सापडलेल्या उंदरांमधलीही वाचली. दोन्ही जुळली! तोही हंटा विषाणूच होता. प्रयोगशाळेत तो विषाणू वाढवायला पुढं कित्येक महिने लागले, पण तो कुठून आला हे काही आठवड्यांतच कळलं होतं.

हे जुळवतात कसं? पोथी हातानं उतरवताना एकाची चूक पुढच्या प्रतीत तशीच जाते. विषाणूचंही तसंच. त्याची प्रत निघताना बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात. दोन रुग्णांतल्या विषाणूंच्या चुका जवळपास सारख्या असतील तर उगम एकच. खूप वेगळ्या असतील तर उंदीर वेगळे, घरं वेगळी.

यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. २०१८ मध्ये नायजेरियात लासा तापाची, म्हणजे उंदरांकडून येणाऱ्या आणखी एका विषाणूच्या आजाराची, मोठी साथ आली. विषाणू बदलला, आता तो माणसांतून सुसाट पसरतोय, अशी भीती होती. जनुकं वाचली तर रुग्णागणिक विषाणू वेगळा निघाला. म्हणजे बहुतेकांना तो उंदरांकडूनच आला होता. तेव्हा घरातलं धान्य झाकणं आणि उंदीर आवरणं हाच उपाय.

त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात मात्र उलटं घडलं. अंगात ताप असलेला एक जण वाढदिवसाच्या कार्यक्रमाला गेला. तिथं जेमतेम दीड तास होता, पण तेवढ्यात पाच जणांना लागण झाली. पुढं ३४ रुग्ण झाले, ११ जण गेले. हा अँडीज जातीचा हंटा विषाणू. जनुकांवरून दिसलं, की उंदराकडून तो एकदाच आला आणि नंतर माणसांतूनच फिरला. तिथं नुसते सापळे लावून काय होणार? आजारी माणसं आणि त्यांच्या संपर्कातले लोक वेगळे ठेवले, तेव्हा साथ आटोक्यात आली.

म्हणून मला कळकळीनं वाटतं, की नुसतं रुग्णाचं रक्त तपासून भागत नाही. त्याच्या घरातला, गोठ्यातला उंदीरही तपासला पाहिजे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, कोल्हापुरात विद्यापीठ आहे. पंचगंगेकाठच्या गावांत पूर ओसरल्यावर पकडलेल्या उंदरांचे नमुने नेमानं घेऊन जपून ठेवायला हवेत. साथ आल्यावर जुळवायला हाताशी काहीतरी असेल.

आणि तोवर घरात एवढं करा. बंद खोली उघडली की दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या टाका. लेंड्या कोरड्या झाडू नका. एक भाग घरगुती द्रव ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं थांबा, हातमोजे घालून फडक्यानं पुसून घ्या. ताप आला तर घरात उंदीर आहेत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

नमस्कार.