आठवी प्रत

(नांदेड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षसाहेबांनी माझी ओळख 'आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार' अशी करून दिली. माझी एक प्रिंट दुबईला गेलीय, तीही नांदेडच्याच माणसाच्या फ्लॅटमध्ये. तेवढंच ते आंतरराष्ट्रीय. बाकी मी वजिराबादेत पासपोर्टचे फोटो काढतो हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. काहींचे पैसे यायचेत अजून. नावं घेत नाही.

विषय दिलाय, 'गॅलऱ्या कलात्मक फोटो कसे विकतात'. त्याआधी माळेगावचं सांगतो, कारण मला जे कळलं ते तिथं कळलं.

खंडोबाची यात्रा, पहाटेची मरणाची थंडी, घोड्यांचा बाजार. एक म्हातारा घोड्याच्या मानेला गाल लावून उभा. घोडा विकला गेलेला, मागं नवा मालक नोटा मोजतोय. तो फोटो मुंबईच्या एका गॅलरीनं घेतला. घेतला म्हणजे विकत नाही हो, ठेवून घेतला. विकला गेला तर निम्मे त्यांचे, निम्मे माझे. फ्रेम माझी, नेण्याआणण्याचा खर्च माझा. हसू नका, निम्मं कमिशन जगभर चालतं. दोन प्रती गेल्या, माझे पैसे यायला अकरा महिने लागले. फोन केला की, "सर, प्रोसेसमध्ये आहे." ही प्रोसेस आपल्याला पीकविम्यामुळं पाठ आहे.

पण सुरुवातीलाच त्यांनी एक कागद सहीला पाठवला होता. या फोटोच्या सातच प्रती निघतील, वर दोन कलाकाराच्या स्वतःच्या, त्यांना ए.पी. म्हणतात. आठवी प्रत जन्मात काढायची नाही. मी सही केली.

पुढच्या वर्षी म्हातारा स्टुडिओत हजर. "माझा फोटू काढलाव म्हणं. एक दे की."

म्हटलं, "मामा, सातच काढायच्यात."

"का? कागद संपला का?"

काय सांगणार? माझ्या मागं प्रिंटर चालू, त्यातून कुणाच्या तरी बारशाचे साठ फोटो एकामागून एक पडतायत. शेवटी माझ्या दोन ए.पी.पैकी दुसरी त्यांना दिली. चार महिन्यांनी घरी गेलो, तर फोटो देव्हाऱ्याशेजारी, सोनेरी प्लास्टिकच्या फ्रेमीत, वर हार. जिवंत माणसाच्या फोटोला हार! आणि खालची पांढरी पट्टी गायब.

"फ्रेमीत बसंना. खाली पेन्शिलीनं कायतर लिवल्यालं व्हतं, सुनंनं कात्रीनं काढलं."

ते 'कायतर' म्हणजे माझी सही, साल आणि ए.पी. २/२. गॅलरीच्या हिशेबानं सूनबाईंनी अठरा हजार रुपये कापून चुलीत घातले. म्हातारा आणि घोडा मात्र जसेच्या तसे.

तर माझं म्हणणं हे आहे, मंडळी. गॅलरी फोटो विकतच नाही. ती न छापलेली आठवी प्रत विकते. हातानं रंगवलेलं चित्र मुळात एकच असतं, त्याला हे नाटक करावं लागत नाही. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी आपल्या अजिंठ्याला वर्षानुवर्षं राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तिथं ठेवलेल्या त्या नकलांतल्या बऱ्याच जळाल्या. गेल्या त्या गेल्या. यानंच कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटोही काढले होते. फोटोची दुसरी प्रत निघते, हेच फोटोचं सुख आणि बाजाराच्या दृष्टीनं हाच त्याचा दोष.

गुर्स्की नावाच्या जर्मन माणसानं १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीचा फोटो केला. गवत, नदी, गवत, ढगाळ आभाळ. पलीकडची इमारत त्यानं कॉम्प्युटरवर पुसली. लग्नाच्या फोटोतला आचारी पुसायचे मी पन्नास रुपये घेतो. त्याच्या सहाच प्रती, त्यातली एक २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेली.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

पहिल्या प्रती स्वस्त ठेवतात. दोन-तीन गेल्या की भाव चढवतात, शेवटची सगळ्यात महाग, म्हणून गिऱ्हाईक लवकर हलतं. विकल्याची लाल टिकली भिंतीवर चिकटवतात. टिकली बघून दुसरा घाई करतो, आपल्या साडीच्या दुकानात होतं तसंच. ठरलेल्या गिऱ्हाइकांना उद्घाटनाआधीच खाजगीत दाखवतात. कॉटनचा कागद, सहजी न उडणारी पिगमेंटची शाई, सोबत सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. एकाच फोटोला कुणी विचारत नाही, एका विषयावरचे पंधरा-वीस लागतात. आणि एक राहिलं: आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ अ कलम आहे. चित्र किंवा शिल्प दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्यात मूळ कलाकाराला वाटा. त्या यादीत फोटो नाही. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

बरं, चहा आलाय. ए.पी. एक मी सोबत आणलीय, मागच्या टेबलावर आहे. बघा, पण भज्यांच्या आधी.