गुडघाभर पाणी, आणि नऊ दिवसांनी ताप

नमस्कार मंडळी!

(पाय स्टुलावर, कॅमेरा खाली)

ही पोटरी. आज इथूनच सुरुवात. पावसाळ्यात ताप आलेल्या माणसाची पोटरी नुसती दाबली आणि तो कळवळला, तर मुंबईतल्या डॉक्टरच्या मनात एक शंका हमखास येते. लेप्टो. म्हणजे लेप्टोस्पायरोसिस.

माझ्या मावसभावाचं सांगतो. हिंदमाताला पाणी तुंबलेलं, बस बंद. साहेब बूट हातात घेऊन परळपर्यंत चालत गेले. पायाला चिखल्या आधीच झालेल्या. नऊ दिवसांनी सणसणून ताप. "व्हायरल असेल" म्हणत तीन दिवस अंगावर काढला, गोळी घेऊन ऑफिसलाही गेला. चौथ्या दिवशी डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरता येईना.

आता त्या पाण्यात होतं काय? उंदराची लघवी. लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडून बसतात. उंदराला काही होत नाही, तो मात्र महिनोनमहिने ते बाहेर सोडत राहतो. गाई-म्हशी, डुकरं, कुत्री यांच्याकडूनही येतात, म्हणून कोकणात भातलावणीच्या दिवसांत खाचरात उभ्या असलेल्या माणसालाही लेप्टो गाठतो.

(वहीची स्पायरल तार दाखवत)

दिसायला जंतू असा, पिळाचा. टोकाला आकडा. एका प्रजातीचं नावच 'इंटेरोगान्स' आहे, कारण तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

चिखल्या, खरचटलेली जागा, डोळ्या-नाका-तोंडाचं नाजूक अस्तर, एवढी वाट त्याला पुरते. तिथून थेट रक्तात. साधारण 5 ते 14 दिवस तो वाढत राहतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून तर ताप येईपर्यंत ते पाणी आपण विसरून गेलेलो असतो.

बहुतेकांचं तापावर निभावतं. काहींचं नाही. जंतू बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, वाहिन्या झिरपू लागतात. यकृतातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! काविळीत डोळे हळदीसारखे पिवळे होतात, बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, भलतंच चढतं, पण यकृताची एन्झाइम्स त्या मानाने थोडीच वाढलेली असतात. ही एन्झाइम्स मरणाऱ्या पेशींतून रक्तात येतात, आणि इथे पेशी फारशा मरत नाहीत. पेशींमधले सांधे सैल होतात आणि पित्त गळून रक्तात मिसळतं. मूत्रपिंडाचंही तसंच फसवं. सुरुवातीला लघवी होत राहते, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे, पण तिच्यातून पोटॅशियम वाहून जात असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात होणारा रक्तस्राव. खोकल्यातून रक्त आलं किंवा दम लागला, तर घरी थांबायचंच नाही.

काविळीचा हा गंभीर प्रकार 1886 मध्ये आडोल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने नीट मांडला. आपल्याकडे लेप्टो हा शब्द घरोघरी पोचला तो 26 जुलै 2005 नंतर. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोचे पेशंट रांगेने आले.

रिपोर्टमध्येही घोळ होतो. प्लेटलेट कमी दिसल्या की घरचे "डेंग्यू, डेंग्यू" करत पपईची पानं शोधायला लागतात. लेप्टोची अँटिबॉडी टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून चांगला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो. डॉक्सिसायक्लिन, जास्त असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन सलाइनमधून. लवकर दिली तर ही साधीच औषधं पुरतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने आणू नका, मूत्रपिंडावर आणखी भार येतो.

तुंबलेल्या पाण्यातून चालावंच लागलं, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी विचारा. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ते आधी सांगा, त्यांची गोळी वेगळी असते.

आणि ताप आला तर किती डिग्री हे नंतर. आधी सांगा, अमुक तारखेला अमुक पाण्यातून चाललो. माझ्या भावाने हे सांगितलंच नव्हतं. डॉक्टरने विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "गेल्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार." ती चिखलाची पँट तिनेच तीनदा धुतली होती.