ट्रंक, तेलाचा डबा आणि खिळ्यांची केस

श्रोतेहो, नमस्कार.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन हात जाड असायच्या. त्या जाडीतच फडताळं, कोनाडे, दिवळ्या ठेवलेल्या असत. घर बांधून झालं की साठवणीची जागा आपोआप तयार. फ्लॅटमधली आतली भिंत 4 इंचांची असते, तिच्या पोटात काय मावणार? मग आपण कपाटं घेतो, दिवाण घेतो, माळे करतो, आणि तरी घरातलं माणूस विचारत असतंच, अहो, ते अमुक कुठे ठेवलंय?

जुन्या बाजारातल्या वस्तूंतून घरासाठी साठवण कशी उभी करायची, यावर आज बोलायचं आहे. पुण्यात मंगळवार पेठेकडे रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार तुम्हाला ठाऊक असेल, मुंबईकरांना चोर बाजार. तुमच्या गावी निदान एखादा भंगारवाला तरी असेलच. तिथे गेल्यावर वस्तू लांब किती, रुंद किती, हे सगळे बघतात. ती खोल किती आहे, हे मात्र फार कमी लोक बघतात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. रोज लागणारी वस्तू उथळ जागेत हवी. हात पूर्ण आत घालावा लागला की मागचं सामान विस्मरणात गेलंच म्हणून समजा. खोल जागा वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या सामानासाठी.

उथळ म्हणाल तर छापखान्यातली केस. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून छपाई करणारे छापखाने एकामागून एक बंद झाले आणि त्यांच्या लाकडी केसेस बाजारात आल्या. दीड-दोन इंच खोलीचा मोठा ताट-खण, आत पातळ पट्ट्यांनी पाडलेली घरं. इंग्रजीपेक्षा देवनागरीला घरं कितीतरी जास्त लागत. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांना आपापली जागा. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचा हात न बघता नेमक्या घरात जायचा. बटणं, सुया, बॉबिन, स्क्रू, फ्यूजची तार, चष्म्याचे स्क्रू ड्रायव्हर, असल्या बारक्या जिनसांना याहून चांगलं घर मला माहीत नाही. वर काच बसवून भिंतीवर टांगली की शोभाही येते, पण नुसती शोभेला लावायची असेल तर माझी काही शिफारस नाही. काम करणारी वस्तू आहे, तिला काम द्या.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. खिळ्यांच्या धातूत शिसं असतं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा तो मिश्रधातू. वर्षानुवर्षांची ती करडी धूळ घरांच्या कोपऱ्यांत बसलेली असते. कोरड्या ब्रशने झटकू नका. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं फेकून द्या, हात धुवा. आणि कितीही मोह झाला तरी तिचा मसाल्याचा डबा करू नका. लहान मुलांचे मणी-खेळणीही त्यात नकोत.

शिशाचीच गोष्ट जुन्या रंगाची. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेलं कपाट, खिडकी, पाळणा, कशातही शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर घ्या, पाणी मारत घासा, आणि घरात गर्भवती बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच.

आता खोल वस्तूकडे येऊ. पत्र्याची ट्रंक. कोपऱ्यांना रिव्हेट, पुढे कडी-कोयंडा, झाकणावर पांढऱ्या रंगात कुणाचं तरी नाव आणि गाव. विकत घेताना ती उलटी करा. गंज नेहमी तळाला लागतो, कारण फरशी पुसताना पाणी खाली शिरतं. अंगठ्याने दाबून पत्रा दबला, तर सोडून द्या. नुसते तांबडे ठिपके असतील तर घासून, पुसून, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, हात मारा, तो पूर्ण वाळला की ऑइल पेंट. रंगाचं काम पावसाळ्यात काढू नका, दोन-दोन दिवस हाताला चिकटत राहतो. खाली 3-4 इंचांचे लाकडी ठोकळे लावा, म्हणजे पोछा खालून फिरतो आणि तळ कोरडा राहतो. झाकणाचा पत्रा माणसाच्या वजनाने खचतो, म्हणून वर 12 मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर गादी. बहुतेक ट्रंकांची उंची अशाने 18 इंचांच्या आसपास येते, म्हणजे खिडकीपाशी बसायला बाक तयार. आत गोधड्या, स्वेटर, गणपतीचं मखर, दिवाळीच्या माळा. तळाला वर्तमानपत्र घालायची आपली जुनी सवय आहे. कागद कसरीला आवडतो, तेव्हा जुनी सुती साडी अंथरा आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

पंधरा किलोचा तेलाचा डबा तर हॉटेलवाल्याकडे किंवा किराणा दुकानात मिळतो. साधारण 9 ते साडेनऊ इंच चौरस, 14 इंच उंच. हा आडवा टाकून वरची बाजू कापून काढली की कपाटाच्या कप्प्यात सरकणारा खण होतो. कापलेली कड मात्र सुरीसारखी असते, ती आत दुमडून ठोकायलाच हवी. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, चार पैसे जातील पण बोटं राहतील. तेलकट वास बेसन आणि गरम पाण्याने जातो. पुढे जुन्या खणाची एखादी मूठ लावा. कांदे, बटाटे, पुसायची फडकी, चपला पॉलिश करायचं सामान, असं काही. केमिकलच्या निळ्या पिंपांचा मोह मात्र टाळा, धान्य-पाणी त्यात कधीच नको. पॅकिंगच्या लाकडी पेट्या घेणार असाल तर शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नका.

लाकडाला भुंगा लागलाय का, हे कळायला पांढरा कागद पुरतो. खण कागदावर ठोका. मैद्यासारखी पूड पडली तर किडा अजून आत खात असू शकतो. सागाचा गाभा टिकाऊ, पण कडेचा पांढुरका भाग सागाचाही खाल्ला जातो, म्हणून विकणाऱ्याने ‘अस्सल सागवान आहे ताई’ म्हटलं तरी कागदावर ठोकून बघा. पितळी मुठींसाठी खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड, मग भाव त्याप्रमाणे.

टांगण्याच्या बाबतीत शेवटचं. नव्या इमारतींत भिंती हलक्या ठोकळ्यांच्या असतात, त्यांत विटेच्या भिंतीत स्क्रूसाठी ठोकतो ती गिट्टी धरत नाही. दुकानदाराला भिंत कशाची आहे ते सांगूनच फिटिंग घ्या, आणि भरलेल्या केसचं वजन आधी काट्यावर करा. जड निघाली तर भिंतीचा नाद सोडून सुताराकडून चार पाय लावून घ्या.