चिमूटभर तंबाखू आणि अॅड्रिनलिन

(दृश्य: तंबाखूची वखार, पोत्यांची थप्पी)

बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी. विडीच्या तंबाखूचं गाव. "टेन्शन आलं की एक बार भरायचा, डोकं शांत होतं," हे इथे कुणीही सांगेल. शरीरात मात्र त्या वेळी उलटंच चाललेलं असतं.

(दृश्य: तळहातावर मळली जाणारी तंबाखू)

चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून लवकर रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं. एरवी आपण घाबरलो की मज्जातंतू तिथे अॅसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात. ते पेशींवरच्या रिसेप्टरना, म्हणजे निरोप ओळखणाऱ्या जागांना चिकटतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि अंगाला संकटासाठी सज्ज करणारं अॅड्रिनलिन बाहेर पडतं. निकोटिन नेमक्या याच रिसेप्टरना चिकटतं. अंगाला संकटासाठी तयार करणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंनाही ते चेतवतं, आणि त्यांच्या टोकांतून अॅड्रिनलिनचंच भावंड, नॉरअॅड्रिनलिन सुटतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. संकट कुठेच नसतं, तरी अंग संकटाच्या तयारीला लागतं.

पेशीवर औषध ओळखणारी अशी खास जागा, म्हणजे रिसेप्टर असतो, ही कल्पना केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडली, तीही निकोटिनच्याच प्रयोगांतून.

मग ती शांतता कुठून येते? रोज तंबाखू खाणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढलेले असतात. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, तलफ येते, चिडचिड होते. बार भरला की ती थांबते. तंबाखूनेच लावलेलं टेन्शन तंबाखू तेवढ्यापुरतं उतरवते.

(दृश्य: हिरवं रान, पानं खुडणाऱ्या बाया)

तोंडात चिमूटही न घालणाऱ्यांना तंबाखू बाधू शकते. ओल्या हिरव्या पानांतलं निकोटिन कातडीतून आत जातं; गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात. हातमोजे, ओले कपडे लगेच बदलणं, साबणाने हात धुणं, एवढी सोय प्रत्येक मजूर बाईला मिळायलाच हवी.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी)

नॉरअॅड्रिनलिन सोडणाऱ्या त्या सिम्पथेटिक मज्जातंतूंवर अल्फा-२ नावाचे दुसरे रिसेप्टर असतात. ते चेतवले की नॉरअॅड्रिनलिन सुटणं कमी होतं. क्लोनिडिन ही रक्तदाबाची गोळी मेंदूत आणि मज्जातंतूंच्या टोकांवर हेच काम करते. ती मनाने अचानक बंद केली, तर दाबून धरलेलं नॉरअॅड्रिनलिन उसळतं आणि रक्तदाब धोकादायक चढू शकतो. आणि गोळी चालू असताना बारही चालूच राहिला, तर गोळी जे रोखू पाहते तेच तंबाखू पुन्हा सोडायला लावते. डॉक्टरांना आपली गोळी सांगताना तंबाखूही सांगा.