पारसिकचा काळा दगड काट्यावर ठेवला, तर पृथ्वीच्या पोटातलं काय कळतं?

[हातात मुठीएवढा काळा दगड]

नमस्कार! हा दगड ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांनी रोज पाहिलेला असतो. कळव्यापासून बेलापूरपर्यंत जो पारसिकचा डोंगर जातो, तो ह्याचाच. बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातला हा तुकडा.

आज ह्याची घनता काढू. लागतं काय? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, प्लास्टिकचं भांडं आणि दोरा.

आधी कोरडा दगड तोला. समजा, भरला 348 ग्रॅम. आता भांड्यात दगड बुडेल इतकं पाणी घ्या, भांडं काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात अलगद सोडा, दोरा हातातच धरा. दगड पूर्ण बुडायला हवा, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा दाखवतो 120. दगडाने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्याच पाण्याचं हे वजन. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटीमीटर, म्हणून दगडाचं आकारमान 120. आता 348 भागिले 120, उत्तर 2.9. म्हणजे एका घनसेंटीमीटरला 2.9 ग्रॅम, हीच घनता.

तुमचं उत्तर दोनच्या आसपास आलं, तर बहुतेक दगड तळाला टेकलाय. 2.5 आलं, तर दगड फोडून बघा: आत वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतील, किंवा तो कुजून तांबूस झाला असेल. आणि बारीक खडी घेऊच नका. 20 ग्रॅमच्या कपचीचं आकारमान जेमतेम सात. काटा एका ग्रॅमने चुकला तरी हिशेब सातव्या हिश्श्याने बिघडतो. 300 ग्रॅमच्या पुढचा, ताज्या काळ्या रंगाचा दगड घ्या.

[दगड खाली, पृथ्वीगोल पुढे]

आता गंमत इथे आहे. अख्ख्या पृथ्वीची सरासरी घनता 5.5 आहे. 1798 मध्ये हेन्री कॅव्हेंडिश ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून जवळपास हाच आकडा काढला होता. वरचा दगड 2.9, सरासरी 5.5. म्हणजे आत काहीतरी फारच जड असलंच पाहिजे.

खोल गेल्यावर दाबाने दगडच दाट होत असेल, असं म्हणाल. होतो, पण तेवढ्याने भागत नाही. प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कवचाखालच्या जाड थराचा, खडक वरच्या बाजूला 3.3 असतो, आणि 2,890 किलोमीटर खाली, प्रचंड दाबाखालीही, 5.6 च्या आसपासच पोचतो. त्याच्या पुढे घनता एकदम दहाजवळ उडी मारते. तिथे दगड संपतो आणि लोखंड सुरू होतं, थोडं निकेल मिसळलेलं. हाच गाभा.

तिथवर खणून कोणी गेलेलं नाही. रशियातलं कोला इथलं भोक 12,262 मीटरवर थांबलं, ते अजून भूकवचातच, म्हणजे त्या वरच्या कवचातच होतं. हा 30 सेंटीमीटर व्यासाचा गोल बघा: ह्या मापाने जमिनीखालचं कवच सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे म्हणतात, तो फुगवटाही इथे व्यासात फक्त एक मिलिमीटर. नारंगीसारखी चपटी पृथ्वी विसरा.

आतलं सांगतात भूकंपाच्या लहरी. दुय्यम लहरी, म्हणजे भूकंपानंतर दुसऱ्या क्रमांकाने पोचणाऱ्या लहरी, द्रवातून जात नाहीत, आणि गाभ्याशी त्या अडतात. म्हणून बाहेरचा गाभा द्रव. त्याच्याही आत घट्ट गोळा आहे, हे 1936 मध्ये डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान ह्यांनी भूकंपाच्या नोंदींवरून दाखवलं.

पण ह्याच दुय्यम लहरी प्रावरणातून आरामात जातात! म्हणजे प्रावरण घन आहे. चित्रांमध्ये ते लालभडक, उकळत्या लाव्ह्यासारखं रंगवतात, ते साफ चुकीचं. तो तापलेला घट्ट खडक आहे, वर्षाला काही सेंटीमीटर सरकणारा.

[पुन्हा दगड हातात]

मग हा लाव्हा आला कुठून? तापलेला खडक वर सरकताना त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की वितळायला लागणारं तापमानही उतरतं. अख्खा खडक वितळत नाही, त्यातला काही भागच वितळतो. तो रस भोवतालच्या 3.3 च्या खडकापेक्षा हलका, म्हणून भेगांमधून वर चढला आणि थिजून झाला हा काळा दगड, काट्यावर 2.9 दाखवणारा.