हैतीच्या नावाने आलेला पैसा

मित्रहो, 12 जानेवारी 2010 रोजी दुपारी 4 वाजून 53 मिनिटांनी कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र लेओगान गावाजवळ, म्हणजे राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून जेमतेम 25 किलोमीटरवर. किती माणसं गेली याबद्दल आजही एकमत नाही. हैतीच्या सरकारने 3 लाखांच्या वर आकडा दिला, काही अंदाज लाखाच्या आसपास थांबतात. सुमारे 15 लाख लोक बेघर झाले. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला, बहुतेक मंत्रालयांच्या इमारती पडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालयही पडलं आणि मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी त्यात मृत्युमुखी पडले.

ज्या सरकारने मदतीचं काम चालवायचं, ते स्वतःच ढिगाऱ्याखाली होतं. अशा वेळी बाहेरच्यांनी धावून येणं आणि सूत्रं हाती घेणं मी समजू शकतो. अमेरिकन सैन्याने विमानतळ ताब्यात घेतला, विमानं उतरू लागली. त्या धांदलीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची इस्पितळाचं सामान घेऊन आलेली विमानं परतवली गेली आणि शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधून ते सामान रस्त्याने आणावं लागलं. हे वाईट झालं, पण पहिल्या आठवड्याबद्दल मी फार बोलणार नाही. माझं भांडण पुढच्या वर्षांशी आहे, कारण तेव्हा घाई उरली नव्हती, आणि तरीही सूत्रं परत दिली गेली नाहीत.

31 मार्च 2010 ला न्यूयॉर्कमध्ये देणगीदार देशांची परिषद भरली. पुढच्या काही वर्षांसाठी मिळून 9.9 अब्ज डॉलरची आश्वासनं दिली गेली. जगभरात मथळे झाले. आता हा पैसा गेला कुठे ते पाहू. तातडीच्या मदतीतला 1 टक्क्याहूनही कमी भाग हैतीच्या सरकारच्या हातात पडला. बाकीचा देणाऱ्या देशांच्याच लष्करांकडे, त्यांच्या सरकारी यंत्रणांकडे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडे आणि परदेशी स्वयंसेवी संस्थांकडे गेला. अमेरिकेची कंत्राटं बहुतांशी अमेरिकन कंपन्यांनाच मिळाली. म्हणजे हैतीच्या नावाने निघालेला डॉलर बऱ्याचदा हैतीला न शिवताच खर्ची पडत होता. मदतकार्याच्या समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आणि अनेकदा इंग्रजीत होत. ज्या देशात लोक क्रेओल बोलतात आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये असतात, तिथल्या नगरपालिकेच्या माणसाने या बैठकीत जाऊन काय करायचं?

पुनर्बांधणीसाठी एक अंतरिम आयोग नेमला गेला. त्याचे दोन सहअध्यक्ष होते, हैतीचे पंतप्रधान ज्याँ-मॅक्स बेलरीव्ह आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयोगाच्या हैतीयन सदस्यांनी लेखी तक्रार केली की निर्णय आधीच झालेले असतात आणि आम्ही फक्त मान डोलवायची असते. वर्षभरातच, ऑक्टोबर 2011 मध्ये, आयोगाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते मी हलक्याने घेत नाही. हैतीचं सरकार भ्रष्ट आहे, दुबळं आहे, त्याच्या हातात पैसा कसा द्यायचा? भ्रष्टाचार होता, हे खरंच आहे. पुढे व्हेनेझुएलाच्या पेट्रोकॅरिबे या उधारीवर तेल देण्याच्या योजनेतून मिळालेल्या पैशाचं काय झालं हे विचारायला 2018 मध्ये हजारो हैतीयन स्वतः रस्त्यावर उतरले. पण ते दुबळेपण आलं कुठून, हेही विचारायला हवं.

गुलामांनी बंड करून 1804 मध्ये मिळवलेलं हे राष्ट्र. 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्याच्याकडून 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली. भरपाई कसली, तर जुन्या मळेमालकांच्या गेलेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती. ही रक्कम पुढे 9 कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी कर्जं काढावी लागली आणि त्या कर्जांचा शेवटचा हप्ता 1947 मध्ये गेला. मधल्या काळात, 1915 ते 1934, अमेरिकेने देश लष्करी ताब्यात ठेवला आणि तिजोरीही आपल्या हाती घेतली. शाळा, रस्ते, दवाखाने उभे करायच्या काळात देशाचं उत्पन्न बाहेर जात होतं. सरकार दुबळं राहिलं यात नवल नाही.

आणि आता तांदळाकडे येतो, कारण मला वाटतं हैतीचं सगळं दुखणं या एका धान्यात दिसतं. 1980 च्या दशकापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात पिकवत असे. कर्जाच्या अटींपायी बाजारपेठ खुली होत गेली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांवर आलं. अमेरिकन शेतकऱ्याला त्याच्या सरकारचं अनुदान होतं, आर्तिबोनितच्या शेतकऱ्याला साधं खतही वेळेवर मिळत नव्हतं. स्वस्त अमेरिकन तांदळाने बाजार भरला. शेतकरी शेत सोडून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या उतारांवरच्या झोपड्यांत आले. तिथे लोखंड कमी आणि वाळू जास्त अशा काँक्रीटच्या खोल्या एकीवर एक चढत गेल्या. भूकंपात त्याच खोल्या माणसांवर कोसळल्या. 7.0 तीव्रतेचे भूकंप इतरत्रही होतात, एवढी माणसं सगळीकडे मरत नाहीत.

10 मार्च 2010 ला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे क्लिंटन यांनी कबूल केलं की या धोरणाने अमेरिकेच्या अर्कान्सास राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण ती चूक होती, आणि हैतीने तांदूळ पिकवण्याची ताकद गमावली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रेने प्रेवाल अमेरिकेत जाऊन सांगत होते की आता अन्न पाठवणं थांबवा, फुकट धान्यापुढे आमचा शेतकरी उभा राहू शकत नाही, आम्हाला कामं द्या.

कामं देण्यासाठी जो प्रकल्प सर्वांत मोठा म्हणून पुढे आला तो होता काराकोलची औद्योगिक वसाहत. ती भूकंपाच्या पट्ट्यात नाही, देशाच्या उत्तर टोकाला आहे. कोरियन कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना आणण्यासाठी सुपीक जमिनीवरून साडेतीनशेहून अधिक शेतकरी कुटुंबं हलवली गेली. 2012 मध्ये उद्घाटन झालं, 60 हजार नोकऱ्यांची भाषा झाली, प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळपासही गेला नाही. त्या कुटुंबांना भरपाईच्या करारासाठी 2018 च्या अखेरपर्यंत झगडावं लागलं.

आता कॉलऱ्याबद्दल. ऑक्टोबर 2010 मध्ये मिरबाले या गावाजवळच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण आर्तिबोनितला मिळणाऱ्या ओढ्यात गेली. नेपाळहून आलेल्या तुकडीबरोबर कॉलरा देशात आला होता. किमान शंभर वर्षं हैतीत हा रोग नोंदला गेला नव्हता. सुमारे 10 हजार माणसं दगावली, 8 लाखांहून अधिक आजारी पडली. जी नदी पितात, जिच्यात कपडे धुतात आणि जिच्यावर भात पिकवतात, तीच नदी. संयुक्त राष्ट्रांनी आधी इन्कार केला. मग 2013 मध्ये पीडितांचे दावे विचारात घेता येत नाहीत असं कळवलं. अमेरिकन न्यायालयांनी संघटनेला खटल्यापासून संरक्षण असल्याचं मान्य केलं. डिसेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली आणि 40 कोटी डॉलरची योजना मांडली. तिच्यात जमलेला पैसा या रकमेचा लहानसा हिस्सा होता. दहा हजार माणसं मारणाऱ्या चुकीचा जाब विचारायला पीडितांना जगात एक दारही उघडं सापडलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

याच मिरबालेत 2013 मध्ये 300 खाटांचं शिकवणारं इस्पितळ सुरू झालं. ‘झान्मी लासान्ते’ ही संस्था 1980 च्या दशकापासून त्या भागात काम करत होती. तिने ते आरोग्य मंत्रालयाबरोबर उभारलं, पैसा पुष्कळसा बाहेरचाच होता, पण डॉक्टर आणि परिचारिका हैतीयन होत्या. बाहेरचा पैसा आला की वाटोळंच होतं असं मी म्हणत नाही, ते या इस्पितळामुळे.

शेवटी वानामिंत या ईशान्येकडच्या गावाच्या कालव्याबद्दल बोलतो. डोमिनिकन सीमेवरच्या नदीचं पाणी मारिबारूच्या मैदानातल्या शेतांना देण्यासाठी 2023 मध्ये लोकांनी स्वतः खोदाई हाती घेतली. वर्गणी देशातून आली आणि परदेशात राबणाऱ्या हैतीयनांकडूनही. शेजारच्या सरकारने त्यावरून सप्टेंबरात सीमा बंद केली, तरी काम थांबलं नाही. त्या पाण्यावर भात होईल. तो बाजारात स्वस्त आयात तांदळापुढे टिकेल का, हे मात्र वानामिंतमध्ये ठरणार नाही. त्यासाठी आयातशुल्क वाढवावं लागेल, आणि ते वाढवणाऱ्या सरकारला वॉशिंग्टनमधून फोन येणार नाही याची हमी आजही कोणी दिलेली नाही.